फॉरमॅट मारण्याआधी मेसेज वाचा



एरवी आपण भाषा, गणित, परिसर अभ्यास याच विषयांवर लिहितो-वाचतो. आज मात्र मी वर्गाच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेल्या संगणकाबद्दल लिहिणार आहे. तो बंद का, असं कुठल्याही शाळेत विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "सॉफ्टवेअर गेलंय, फॉरमॅट मारायला द्यायचाय." आणि मग तो सहा-सहा महिने द्यायचाच राहतो. माझं म्हणणं असं आहे, की यातले बरेच संगणक बिघडलेले नसतातच. आपल्याला काय हवंय ते त्यांनी पडद्यावर चार इंग्रजी ओळींत सांगितलेलं असतं. त्या ओळी कोणी वाचलेल्या नसतात, इतकंच.

मी बोलतेय ते लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांबद्दल, मुख्यतः उबुंटूबद्दल. शाळेत लिनक्स कशाला, असं कोणी विचारेल. कारण आता तो येणारच आहे. आमच्या जयगड भागात गणपतीला गावी येणारे चाकरमानी शाळेसाठी ऑफिसातले जुने लॅपटॉप घेऊन येतात. माणसं मनापासून देतात, त्यांचे आभारच. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे कंपन्यांमधून निघणारे हे जुने लॅपटॉप पुढची काही वर्षं शाळांकडे येत राहणार, आणि त्यांच्यावर चालण्याजोगी, फुकट आणि सुरक्षित गोष्ट म्हणजे लिनक्स. आपल्या महाराष्ट्राच्या शाळांना तो अगदीच परका आहे असंही नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत २००७ सालीच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले होते. ते फेडोरा लिनक्सवरच चालायचे.

आता मूळ अडचण. लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येतं आणि जवळजवळ प्रत्येक पॅकेजला दुसरी काही पॅकेजं लागतात. याला डिपेंडन्सी म्हणतात, मराठीत अवलंबित्व. आमच्या पालकांत एक तांडेल आहेत. त्यांना हे समजावायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. बोटीच्या इंजिनाला नवा पंप आणला, पण त्याचा नट जुन्या पाइपच्या आट्यांना बसत नाही, तर पंप कितीही चांगला असो, बोट धक्क्यालाच. संगणकात हेच होतं. एक फरक आहे. इंजिन बोलत नाही. संगणक मात्र कुठला नट, किती मापाचा, हे लिहून देतो.

लिनक्सने हा त्रास खूप आधीपासून पाहिला आहे. डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. उबुंटूचा पाया तोच. सुरुवातीच्या काळात एखादं पॅकेज बसवायचं तर त्याला लागणारी सगळी पॅकेजं माणसाने स्वतः शोधायची, मग त्यांना लागणारी, मग त्यांना लागणारी. इंग्रजीत या अवस्थेला 'डिपेंडन्सी हेल' असं नाव पडलं, म्हणजे अवलंबित्वाचा नरक. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर 'ॲप्ट' हे साधन आलं आणि ही शोधाशोध संगणकाकडे गेली. आपण फक्त नाव सांगायचं, लागणारं सगळं तो भांडारातून आणून योग्य क्रमाने बसवतो. भांडार म्हणजे हजारो पॅकेजं एकत्र तपासून, एकमेकांना जुळतात याची खात्री करून ठेवलेला साठा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच आहे.

मग एवढं सगळं असताना अडचण येते कशी? आपण भांडार सोडून पेन ड्राइव्हवरून बसवायला जातो म्हणून. नेट नसतं, घाई असते. कोणीतरी ओळखीचा माणूस एक फाइल देतो, 'डेब' नावाची. आपण तिच्यावर डबल क्लिक करतो. समजा ती जीकॉम्प्रिसची आहे. जीकॉम्प्रिस म्हणजे २ ते १० वर्षांच्या मुलांसाठीचा खेळांचा संच. माउस कसा धरायचा इथपासून वजनकाट्यापर्यंत सगळं त्यात आहे, आणि पहिली-दुसरीला मला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. उबुंटूत त्याचं पॅकेज 'जीकॉम्प्रिस-क्यूटी' या नावाचं आहे. चित्रं आणि आवाज वेगळ्या पॅकेजात आहेत, 'जीकॉम्प्रिस-क्यूटी-डेटा'. पेन ड्राइव्हवर पहिलं आलं, दुसरं राहिलं. मग संगणक म्हणतो (मी मराठीत सांगतेय): अवलंबित्वाच्या अडचणीमुळे जीकॉम्प्रिस-क्यूटीची मांडणी करता येत नाही. जीकॉम्प्रिस-क्यूटी हे जीकॉम्प्रिस-क्यूटी-डेटावर अवलंबून आहे. परंतु ते पॅकेज बसवलेलं नाही.

मला सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? तिसरीच्या मुलाला आपण उतारा देतो आणि खाली विचारतो, कोणाला हवं होतं? काय हवं होतं? का मिळालं नाही? तेच तीन प्रश्न इथे विचारायचे. उत्तरं उताऱ्यातच आहेत.

पण होतं काय, की लाल अक्षरं दिसली की आपण वाचणं सोडून देतो. चांगले शिकलेले लोकही. इंग्रजी कच्चं आहे म्हणावं तर तसंही नाही. या मेसेजमध्ये जेमतेम पंधरा-वीस शब्द पुन्हा पुन्हा येतात. भीती वाटते ती मशीन आणखी बिघडेल याची. मुलं उतारा न वाचताच "बाई, येत नाही" म्हणतात, त्यांना आपण काय सांगतो ते आठवा.

आता थोडं खोलात जाऊ, कारण खरी गंमत वाक्याच्या शेवटी असते. 'अमुक तमुकवर अवलंबून आहे, पण...' या 'पण'नंतर तीन वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली, 'नॉट इन्स्टॉलेबल'. म्हणजे तुम्ही मागताय ते पॅकेज माझ्या माहितीतल्या कुठल्याच भांडारात नाही. कधी यादी जुनी असते. तेव्हा 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यायची. (इथे मी उच्चार लिहितेय. टर्मिनलवर टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.) ही आज्ञा काहीही बसवत नाही, फक्त यादी ताजी करते. कधी भांडाराचा एखादा विभागच बंद असतो. जीकॉम्प्रिस उबुंटूच्या 'युनिव्हर्स' या विभागात आहे. 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये त्या विभागाची खूण काढलेली असेल, तर 'पॅकेज सापडत नाही' असं उत्तर येणारच. आणि कधी ती वस्तूच बाजारातून गेलेली असते. 'लिबएसएसएल १.१' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. उबुंटू २०.०४ मध्ये ते होतं. २२.०४ मध्ये त्याच्या जागी 'लिबएसएसएल ३' आलं. जुन्या उबुंटूसाठी बनवलेली पेन ड्राइव्हवरची फाइल १.१ मागत राहते आणि नवा उबुंटू म्हणतो, माझ्याकडे ते नाही. इथे फॉरमॅट मारून काय होणार? पुन्हा २२.०४ टाकलात की पुन्हा तेच उत्तर. त्याच सॉफ्टवेअरची २२.०४ साठी बनवलेली फाइल शोधा, किंवा सरळ भांडारातलं घ्या.

दुसरी, 'नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड'. ऐकायला सारखंच वाटतं, पण अर्थ अगदी वेगळा. पॅकेज भांडारात आहे, पण बसवता येत नाही, कारण तिसरंच काहीतरी आडवं आलंय. अशा वेळी एक साधी युक्ती चालते. ज्या पॅकेजबद्दल तक्रार आहे, तेच नाव घेऊन स्वतंत्रपणे बसवायला सांगायचं. मग संगणक पुढचं नाव सांगतो. ते नाव घ्यायचं, पुन्हा विचारायचं. दोन-तीन पायऱ्यांत मूळ अडथळा सापडतो. मुलांचं भांडण सोडवताना आपण हेच करतो ना? "त्याने मारलं." का मारलं? "त्याने पाटी घेतली." का घेतली? शेवटी कळतं, की खडूचा एक तुकडा होता.

तिसरी, 'अमुक आवृत्ती हवी, पण तमुक बसणार आहे'. हे मापाचं भांडण. यातलं सगळ्यात धोक्याचं नाव 'लिबसी-सिक्स'. संगणकावरचं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर याच पॅकेजवर उभं असतं. उबुंटू २२.०४ मध्ये त्याची आवृत्ती २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. नव्या उबुंटूसाठी बनवलेली फाइल जुन्यावर टाकायला गेलात तर ती म्हणणार, मला २.३५ पुरत नाही. आता 'मोठं' लिबसी कुठूनतरी आणून जबरदस्तीने बसवायचा मोह होतो. डिपिकेजी या साधनात तशी सक्ती करायची सोयही आहे. कृपा करून ते करू नका. घर उभं असताना त्याचा चौथरा बदलण्यासारखं आहे ते. नंतर संगणक सुरूच झाला नाही, तर मात्र खरंच फॉरमॅटची वेळ येते.

'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' हा एक मेसेज मात्र फसवा आहे. वाचून वाटतं, आपणच काहीतरी धरून ठेवलंय, मोडलंय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. ॲप्टला सगळ्या अटी एकदम पाळणारा मार्ग सापडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' लिहून खरोखर काही अडवून ठेवलंय का ते पाहावं. नसेल तर त्या ओळीच्या वरची यादी वाचावी, उत्तर तिथे असतं.

अटींचेही प्रकार असतात, आणि मला ते फार आवडतात. पॅकेजच्या माहितीत लिहिलेलं असतं, की याला अमुक 'लागतंच', अमुक 'असावं', अमुक 'असलं तर बरं' आणि अमुकबरोबर याचं 'जमत नाही'. डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स, कॉन्फ्लिक्ट्स. शिवाय 'हे किंवा ते' अशीही अट असते. आमच्याकडे तवसाळला जायचं तर फेरीबोट, नाहीतर भातगावच्या पुलावरून मोठा वळसा, तशी. चौथीच्या मुलांकडून मी उकडीच्या मोदकांची अशी यादी करून घेतली होती. तांदळाचं पीठ आणि खोबरं लागतंच, वेलची असावी, केशर असलं तर बरं. गुळावरून वर्गात वाद झाला, कारण एकीच्या घरी साखर घालतात. 'किंवा' तिथे आपोआप शिकवून झालं.

आता आपल्या कोकणातला खास आजार. पावसाळ्यात लाइट जाते. अपडेट चालू असताना गेली, तर पॅकेजं अर्धी राहतात. खोक्यातून काढलेली, पण जोडलेली नाहीत. पुढच्या वेळी काहीही बसवायला गेलात की संगणक म्हणतो, 'डिपिकेजी मध्येच थांबलं होतं, आधी अमुक आज्ञा द्या'. आणि ती आज्ञा पूर्ण लिहूनही देतो! 'सुडो डिपिकेजी', मग दोन डॅश लावून 'कॉन्फिगर', मग एक डॅश आणि 'ए'. आहे तशी उतरवायची आणि एंटर मारायचा. ते झालं की 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', दोन डॅश, 'फिक्स-ब्रोकन'. म्हणजे जे अर्धवट राहिलंय त्याला लागणाऱ्या वस्तू आणून ते पूर्ण कर, किंवा जमतच नसेल तर काढून टाक. पेन ड्राइव्हवरच्या जीकॉम्प्रिसचं जे झालं होतं, त्यावरही हीच आज्ञा चालते, फक्त नेट हवं. इतक्यावर बरं होणाऱ्या मशीनसाठी मी लोकांना तालुक्याच्या गावापर्यंत जाताना, पाचशे-सातशे रुपये देताना आणि मुलांनी मराठीत टाइप केलेल्या गोष्टी कायमच्या घालवून येताना पाहिलंय. दुकानदाराचा दोष मी मानत नाही. त्याला गिऱ्हाईक 'फॉरमॅट मारा' म्हणतं, तो मारतो.

पैशाचंही बोलू. ज्या शाळेचा पट ३० पर्यंत आहे, तिला समग्र शिक्षामधून वर्षाचं शाळा अनुदान मिळतं १०,००० रुपये. खडू, झाडू, वीज, दुरुस्ती, सगळं त्यात. त्यातून वर्षाला दोन फॉरमॅट म्हणजे थोडी रक्कम नव्हे.

जुन्या मशीनचा आणखी एक चकवा सांगते, कारण तो अवलंबित्वासारखा दिसतो पण असतो वेगळाच. 'अपडेट' म्हटलं की संगणक सांगतो, भांडाराची 'रिलीज फाइल' अजून वैध झालेली नाही. अजून वैध नाही? म्हणजे ती भविष्यातली आहे? हो, संगणकाच्या दृष्टीने भविष्यातलीच, कारण त्याचं घड्याळ मागे गेलेलं असतं. डेस्कटॉपच्या आत बटणासारखी सीआर २०३२ ही बॅटरी असते. ती संपली की बंद-चालू केल्यावर तारीख पार मागे जाते. मग नवीन पॅकेजं मिळत नाहीत आणि जुनी एकमेकांना जुळत नाहीत. तारीख बरोबर करा, बॅटरी बदला, संपलं. संगणकाचा कोपरा बघा, तिथे तारीख असते. रोज फळ्यावर दिनांक लिहिणाऱ्या आपल्याला हे दिसायला हवं.

आणखी एक. 'लॉक मिळत नाही' असा मेसेज आला तर काहीजण कुठेतरी वाचून ती लॉकची फाइलच उडवतात. गरज नाही. मागे दुसरं अपडेट आपोआप चालू असतं. चहा घेऊन या.

वाचण्याची सवय का हवी, याचा एक जगजाहीर किस्सा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर 'स्टीम' हे खेळांचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. त्या दिवशी भांडारातच पॅकेजांची जुळणी चुकलेली होती. संगणकाने इशारा दिला, की हे बसवायचं तर पडद्यावर दिसणारं सगळं काढावं लागेल. खरंच हवं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा उरला. एवढा जाणकार माणूस! बनवणाऱ्यांनी जुळणी लगेच दुरुस्त केली, पण आपल्यासाठी धडा एकच. ॲप्ट जेव्हा विचारतो 'पुढे जाऊ का? वाय की एन?', तेव्हा वर 'रिमूव्हड' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचा. तिथे 'उबुंटू-डेस्कटॉप' हे नाव दिसलं तर एन.

आता नेटचा प्रश्न. जयगडला बंदर आहे, वीज प्रकल्प आहे, पण वाड्यांवरच्या शाळांत मोबाइलला दांडी मिळवायला अजून गडग्यावर चढावं लागतं. "बाई, तुमचा ॲप्ट नेटशिवाय काय करणार?" हा प्रश्न रास्त आहे. याला 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचं साधन आहे, रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकसकाने लिहिलेलं. शाळेच्या संगणकावर ते एक छोटी फाइल तयार करतं. माझ्याकडे काय आहे आणि काय हवंय याची ती चिठ्ठी. पेन ड्राइव्हवरून ती नेट असलेल्या घरच्या संगणकावर न्यायची, तिथे सगळं उतरवायचं, परत आणून बसवायचं. वाण्याकडे यादी पाठवल्यासारखं. पेन ड्राइव्ह इथेही आहे, पण त्यावर काय यावं हे आता संगणकाने ठरवलेलं असतं, ओळखीच्या माणसाने नव्हे. फक्त हे साधन नेट मिळालेल्या एखाद्या दिवशी आधीच बसवून ठेवायला हवं.

ज्यांना काळा टर्मिनल बघूनच घाम फुटतो त्यांच्यासाठी 'सिनॅप्टिक' आहे. त्यात 'एडिट' मेन्यूखाली 'फिक्स ब्रोकन पॅकेजेस' असं सरळ लिहिलेलं असतं. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सिनॅप्टिकवरचा पाठ मराठी आवाजात आहे, फुकट. दीक्षावरचे व्हिडिओ पाहतो तसा एकदा पाहा.

काही सहकारी म्हणतात, यापेक्षा 'स्नॅप' किंवा 'फ्लॅटपॅक' वापरा, त्यात लागणारं सगळं एकाच गाठोड्यात येतं, भांडणच नाही. खरं आहे. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सही स्नॅपमधूनच येतो. पण प्रत्येकाने आपलं गाठोडं वेगळं आणायचं म्हणजे जागा जास्त, डाउनलोड मोठं, आणि जुन्या चार जीबी रॅमच्या मशीनवर उघडायलाही वेळ. एखाद-दुसऱ्या सॉफ्टवेअरला ठीक. सगळा संगणक त्यावर चालवावा, असं मला आपल्या शाळांसाठी वाटत नाही. आणि विंडोजवर ही कटकट नसते म्हणणाऱ्यांनी 'डीएलएल सापडत नाही' ही खिडकी कधी पाहिली नसेल, तर ते भाग्यवान.

आता माझी खरी तक्रार, आणि ती शिक्षकांबद्दल नाही. वर मी सांगितलं, की भांडार म्हणजे एकत्र तपासलेली पॅकेजं. मग आपल्या शाळांना लागणारी पॅकेजं एकत्र तपासून कोणी ठेवली आहेत का? देवनागरीचे 'लोहित' फाँट, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक देणारं 'आयबस-एम१७एन', लिबरऑफिसचं मराठी रूप, जीकॉम्प्रिस, एवढी चार-पाच गोष्टींचीच तर गरज आहे. ती सगळी भांडारात सुटी सुटी आहेत. पण प्रत्येक शाळेत एकेकटा शिक्षक ती शोधतो, आणि म्हणूनच ओळखीच्याचा पेन ड्राइव्ह येतो. केरळने हे वेगळ्या पद्धतीने केलं. तिथे 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ पासून चालला, आता त्याचं काम 'काइट' ही सरकारी संस्था पाहते. शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली ती देते. पाठ्यपुस्तकात जे सॉफ्टवेअर आहे ते त्यात आधीच बसवलेलं आणि जुळवलेलं, आणि शिक्षकांना त्याचंच प्रशिक्षण. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनवर 'बॉस' लिनक्स बनवला, त्याची शाळांसाठी 'एज्युबॉस' ही आवृत्तीही आहे. म्हणजे करणारी माणसं देशात आहेत. मराठी शाळांसाठी असा एक संच राज्याने ठेवावा, दर दोन वर्षांनी नवा करावा, आणि प्रशिक्षणात पीपीटीला नवी रंगसंगती कशी द्यायची यावर जाणाऱ्या वेळातला एक तास मेसेज वाचण्याला द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.

राज्य करेल तेव्हा करेल. केंद्राच्या पातळीवर आपण आजही एक करू शकतो. सगळ्या शाळांनी एकच आवृत्ती वापरायची, आणि तीही 'एलटीएस' असलेली. एलटीएसला पाच वर्षं आधार मिळतो. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने, आणि पुढे त्यांचं भांडार जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात हलवलं जातं. मग 'अपडेट' म्हटलं की '४०४' येतं आणि आपण म्हणतो, संगणक गेला. आज २०.०४ वर कोणी असेल तर तिचा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपलाय. २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे. नवं बसवत असाल तर सरळ २४.०४ घ्या. सगळीकडे आवृत्ती एक असली, की एका शाळेत सुटलेली अडचण दुसऱ्या शाळेत तशीच सुटते, फोनवरूनसुद्धा.

आणि मशीनजवळ एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, काय बसवलं, कुठून आणलं, काय मेसेज आला, काय केलं. मेसेज मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तरी चालेल, पण पूर्ण पडद्याचा काढा. मला दर आठवड्याला असे फोटो येतात ज्यात फक्त शेवटची ओळ असते, 'एरर' एवढीच, आणि खाली "मॅडम, काय करू?" मी उत्तर देते, वरच्या चार ओळी पाठवा. सातवीतल्या एका मुलीला मी ही वही सांभाळायला दिली आहे. ती मेसेज जसाच्या तसा उतरवते, खाली मराठी अर्थ लिहिते. तिच्या वहीत आज बावीस नोंदी आहेत. त्यातल्या एकोणीस ठिकाणी शेवटच्या रकान्यात 'नेट मिळाल्यावर सुटले' असं आहे, दोन ठिकाणी 'तारीख चुकली होती'. एका ठिकाणी तिने 'अजून कळले नाही' लिहिलंय. तो मेसेज फायरफॉक्सच्या स्नॅपचा आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी तिला सांगेन.

पालकांना एक विनंती. यंदा गणपतीला लॅपटॉप आणणार असाल तर त्यातला तुमचा डेटा पुसून आणा, आणि चार्जर विसरू नका. गेल्या वर्षी आलेल्या तीन लॅपटॉपांना मिळून एकच चार्जर आहे.